बॉम्बे बीच : दिमाख ओसरलेल्या एका किनाऱ्याची नकाशावरची सहल

(इयत्ता ४ थी ते ७ वी. परिसर अभ्यास, भूगोल, गणित. साधारण चार तासिका आणि दहा दिवसांचा एक प्रयोग.)



"बॉम्बे बीच कुठे आहे?" असा प्रश्न तुमच्या वर्गात एकदा टाकून पाहा. निम्मी मुलं गिरगाव चौपाटी म्हणतील, उरलेली जुहू. मग जगाचा नकाशा उघडायचा आणि अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात बोट ठेवायचं. तिथे बॉम्बे बीच नावाचं एक छोटं गाव खरोखरच आहे. गावाला किनारा आहे, पण जवळपास समुद्र नाही. जे पाणी आहे त्याला सगळे 'सॉल्टन सी', म्हणजे सॉल्टनचा समुद्र म्हणतात, पण ते आहे एक तळं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथे श्रीमंत लोक सुट्टीला यायचे, नट-गायक यायचे, बोटींच्या शर्यती लागायच्या. आज किनाऱ्यावर माशांची हाडं पसरलेली आहेत.

ही सहल करायला बस लागत नाही, परवानगीचं पत्र लागत नाही. एक नकाशा, एक मोबाइल आणि दोन पराती पुरतात. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळ आहे. आमच्या मुलांच्या घरी पर्यटन म्हणजे रोजचा विषय. म्हणून मी हा पाठ घेतला. पण तुमची शाळा घाटावर असो की विदर्भात, हा पाठ चालतो, कारण मुळात तो पाण्याचा पाठ आहे.

पायरी १ : जागा शोधू या

मोबाइलवर गूगल अर्थ उघडा आणि 'सॉल्टन सी' शोधा. मोबाइल शाळेच्या टीव्हीला जोडता आला तर उत्तम. नाहीतर पाच-पाच मुलांचे गट करून दाखवा. मुलांना आधी काहीच सांगू नका. "काय काय दिसतं ते बोला" एवढंच म्हणा. आमच्या मुलांनी सांगितलं ते असं : तपकिरी वाळवंट, मधेच निळं लांबट तळं, आणि तळ्याच्या वर-खाली हिरवे चौकोन. हे हिरवे चौकोन लक्षात ठेवायला सांगा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यात दडलेली आहे.

आता उंची बघा. आपण कुठल्याही गावाची उंची 'समुद्रसपाटीपासून इतके मीटर' अशी सांगतो. इथे आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह येतं. या तळ्याचं पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे ७० मीटर खाली आहे. साधारण वीस मजल्यांची इमारत समुद्राच्या पातळीवरून खाली उलटी टांगली तर जिथे पोचेल, तिथे. ऋण संख्या शिकवायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही.

जमीन इतकी खाली असून समुद्राचं पाणी आत का येत नाही? कारण मधे कोलोरॅडो नदीने आणलेल्या गाळाचा मोठा बांध आहे. हजारो वर्षं नदी गाळ आणत राहिली, त्याचा त्रिभुज प्रदेश तयार झाला, आणि दक्षिणेचं आखात या खोलगट भागापासून तुटलं. नदी कधी इकडे वळायची, कधी तिकडे. इकडे वळली की तळं भरायचं, तिकडे गेली की सुकायचं. इथले मूळ रहिवासी, कहुइला लोक, हे येणारं-जाणारं पाणी ओळखून होते. जुन्या काठावर त्यांनी मासे पकडायला रचलेले दगडांचे सापळे आजही दिसतात. म्हणजे पाणी इथे येतं आणि जातं, हे त्या लोकांना आपल्या शोधांच्या कितीतरी आधी माहीत होतं.

पायरी २ : ठरवलं नव्हतं, तरी तळं झालं

ही गोष्ट मुलांना गोष्टीसारखीच सांगा.

साल १९०१. एका कंपनीने कोलोरॅडो नदीपासून कालवा काढला आणि वाळवंटात पाणी आणलं. ऊन भरपूर, जमीन सपाट, त्यात पाणी आलं. मग काय, शेती जोरात सुरू झाली. पण कोलोरॅडो गाळाची नदी. दोन-तीन वर्षांत कालव्याचं तोंड गाळाने भरलं. शेतं तहानली, शेतकरी ओरडू लागले. तेव्हा १९०४ मध्ये नदीच्या काठाला घाईने नवीन फोड पाडली. पाणी अडवायला पक्की दारं बसवलेली नव्हती. १९०५ मध्ये नदीला पूर आला, फोड रुंद होत गेली आणि बघता बघता नदीचं बहुतेक सगळं पाणी समुद्राचा रस्ता सोडून या खोलगटात येऊ लागलं.

हे एक-दोन दिवस नाही, जवळजवळ दोन वर्षं चाललं. सॉल्टन नावाची वस्ती बुडाली. रेल्वेचे रूळ बुडाले, ते उचलून वर टाकले, तर परत पाणी आलं. खोलगटाच्या तळाशी मीठ काढण्याचा कारखाना होता, तोही पाण्याखाली गेला. शेवटी रेल्वे कंपनीने गाड्याच्या गाड्या दगड ओतून १९०७ च्या फेब्रुवारीत नदीचं ते तोंड बंद केलं. तोवर कॅलिफोर्नियातलं सगळ्यांत मोठं तळं तयार झालं होतं.

इथे थांबून मुलांना विचारा : "नदीचं पाणी बंद झालं. पाऊस वर्षाला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. उन्हाने वर्षाला जवळजवळ पावणेदोन मीटर पाणी उडून जातं. मग हे तळं शंभर वर्षांत सुकलं का नाही?" कोकणातल्या मुलांना ७५ मिलिमीटर म्हणजे जुलैतल्या एका दुपारचा पाऊस! त्यांना हे वाळवंट त्या एका आकड्यातच समजतं.

उत्तर त्या हिरव्या चौकोनांत आहे. शेतांना कालव्याचं पाणी देत राहिले. शेतात मुरून, निथळून जे उरलं ते उताराने तळ्यात आलं. म्हणजे तळं जगलं ते शेताच्या निथळलेल्या पाण्यावर. ते पाणी एकटं येत नाही. सोबत जमिनीतलं मीठ आणतं, खतं आणतं, फवारणीची औषधं आणतं. आणि तळ्यातून बाहेर जायला वाट नाही.

पायरी ३ : चांगले दिवस

दुसरं महायुद्ध संपलं. लोकांकडे मोटारी आल्या, पैसा आला. लॉस एंजेलिस शहर मोटारीने तीन-चार तासांवर. १९५० च्या सुमारास या तळ्यात मुद्दाम समुद्रातले मासे आणून सोडले, ते चांगले वाढले आणि गळ टाकणाऱ्यांची रीघ लागली. १९५८ मध्ये पश्चिम काठावर 'सॉल्टन सिटी' नावाचं अख्खं शहर आखलं. रस्ते आधी केले, भूखंड विकले, नकाशात शाळा, बागा, सगळं होतं. १९५९ मध्ये उत्तर काठावर अल्बर्ट फ्रे नावाच्या नामवंत वास्तुरचनाकाराने जहाजासारखा दिसणारा यॉट क्लब बांधला. फ्रँक सिनात्रासारखे गायक इथे येऊन गेले. बॉम्बे बीचची आखणी तर १९२९ सालीच झाली होती. त्या गावातही आता फिरत्या घरांच्या रांगा आणि बोटी लागल्या.

मुलांना हे सांगताना 'तेव्हा लोक वेडे होते' असा सूर लावू नका. जागा खरंच सुंदर होती. थंडीत ऊबदार हवा, मागे डोंगर, समोर निळं पाणी, लाखो पक्षी. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवरचा हा मोठा मुक्काम. इथे पक्ष्यांच्या ४०० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. पैसे घालणाऱ्याला त्या दिवशी जे दिसत होतं, ते चांगलंच होतं. जे दिसत नव्हतं ते पाण्यात विरघळलेलं होतं.

पायरी ४ : मग बिनसलं कुठे?

फळ्यावर काळरेषा काढा आणि मुलांकडूनच भरून घ्या.

१९७६ आणि १९७७ : लागोपाठ दोन वादळं आली. शेतातून येणारं पाणीही वाढलेलं होतं. तळ्याची पातळी चढली, काठावरची घरं, हॉटेलं, धक्के खारट पाण्यात बुडाले. बॉम्बे बीचला पाणी अडवायला बंधारा घालावा लागला.

१९९२ : सुमारे दीड लाख पाणपक्षी मेले.

१९९६ : माशांतून आलेल्या विषबाधेने हजारो पाणकोळी मेले.

१९९९, ऑगस्ट : एकाच वेळी सुमारे ७६ लाख तिलापिया मासे मेले.

२०१२, सप्टेंबर : तळ्यातून उठलेला कुजक्या अंड्यासारखा वास लॉस एंजेलिसपर्यंत पोचला.

मासे मेले कसे, हे चौथीच्या मुलालाही समजतं. शेतातल्या खतामुळे पाण्यात शेवाळ माजतं. शेवाळ मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. आपल्या गावच्या तळ्यात गणपतीनंतर निर्माल्य कुजून मासे वर येतात, तसंच. फक्त आकार कित्येक पटींनी मोठा.

पुढचा भाग मात्र सातवीच्या मुलांसाठी राखून ठेवा, कारण तो जरा विचार करायला लावणारा आहे. २००३ मध्ये एक करार झाला. शेतीच्या वाट्याच्या पाण्यातलं काही पाणी सॅन दिएगो शहराला द्यायचं ठरलं. त्यासाठी शेतकऱ्यांनी पाणी जपून वापरायचं, गळती थांबवायची, काही जमीन पडीक ठेवायची. पाणी वाचवणं चांगलंच की! पण शेतात पाणी वाया जायचं थांबलं, तसं तळ्यात निथळून येणारं पाणीही कमी झालं. २०१७ पर्यंत तळ्यासाठी वेगळं पाणी सोडलं गेलं, मग तेही थांबलं. तळं झपाट्याने मागे हटू लागलं. पातळी तीन मीटरहून जास्त उतरली आहे. सपाट काठ असल्यामुळे तेवढ्यानेच किनारा कितीतरी लांब गेला. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघण्याची सोय आहे. वर्षं पुढे-मागे सरकवत किनारा कसा पळतो ते मुलांना स्वतः करून बघू द्या.

म्हणजे बघा, हे गाव आधी पाणी वाढून बुडालं आणि मग पाणी आटून कोरडं पडलं. आमच्या सहावीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे दोन्हीकडून मार." अगदी बरोबर.

पायरी ५ : परातीचा प्रयोग

आता करून बघायचं. साहित्य : दोन पसरट पराती, मीठ, मापाचा पेला, ऊन. हे पाणी कोणी चाखायचं नाही, हे आधीच सांगा.

१. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ (साधारण चार चहाचे चमचे) या प्रमाणात बादलीभर पाणी तयार करा. दोन्ही परातींत एकेक लिटर घाला.

२. पराती उन्हात ठेवा. रोज संध्याकाळी पाणी मापून बघा. समजा २०० मिलिलिटर उडून गेलं.

३. परात अ (वाट नसलेलं तळं) : जेवढं उडालं तेवढं, म्हणजे २०० मिलिलिटर, बादलीतलं पाणी घाला.

४. परात ब (वाट असलेलं तळं) : आधी ३०० मिलिलिटर पाणी काढून टाका, मग ५०० मिलिलिटर बादलीतलं घाला.

५. दोन्हीत रोज संध्याकाळी बरोबर एक लिटर पाणी झालं पाहिजे. हे दहा दिवस करा. एखाद्या दिवशी ऊन कमी पडलं तर उडालेलं पाणी कमी भरेल. त्या दिवशी खरा आकडाच लिहा.

आता गणित. ऊन वाफ नेतं, मीठ नेत नाही. परात अ मध्ये रोज २०० मिलिलिटर पाण्यासोबत ४ ग्रॅम मीठ येतं आणि तिथेच राहतं. पहिल्या दिवशी २४, दुसऱ्या दिवशी २८, चौथ्या दिवशी ३६. इथे मुलांना सांगा की आपल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे चौथ्या दिवशी आपली परात समुद्राइतकी खारट झाली! दहाव्या दिवशी ६० ग्रॅम. सॉल्टनच्या पाण्यातले क्षार आज लिटरला ६० ग्रॅमच्या वर गेले आहेत. मुलं आकडा बघून गप्प होतात.

परात ब मध्ये मीठ पहिल्या दिवशी २२.५ ग्रॅम होतं, मग थोडं थोडं वाढत २७ च्या आतच थबकतं. कारण जे येतं त्यातलं बरंच बाहेरही जातं. हे गणित पाचवीला जड जाईल, सातवीला कोष्टक करून सोडवायला द्या : रोज आदल्या दिवशीच्या मिठाचे पाच-अष्टमांश उरतात आणि त्यात १० ग्रॅम मिळतात.

शेवटच्या दिवशी दोन्ही परातींतलं एकेक वाटी पाणी वेगवेगळ्या ताटल्यांत घालून पूर्ण सुकवा. जो पांढरा थर उरतो त्याकडे बघून वेगळं समजावायची गरज राहत नाही.

कोकणातल्या शिक्षकांनी इथे मिठागरांची आठवण काढावी. शिरोड्याची मिठागरं, तिथला १९३० चा मिठाचा सत्याग्रह मुलांना ठाऊक असतो. मिठागरात आपण हेच मुद्दाम करतो : पाणी कोंडतो, ऊन दाखवतो, मीठ घेतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आहेच. त्यालाही बाहेर वाट नाही, म्हणून पाणी खारं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हेही जोडून सांगता येतं.

पायरी ६ : आज गावात फिरताना

आता चित्रांमधून गावात फिरायचं. सॉल्टन सिटीत डांबरी रस्ते आहेत, चौक आहेत, मरीना ड्राइव्हसारखी समुद्राची आठवण देणारी नावं आहेत, पण कित्येक रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना एकही घर नाही. बॉम्बे बीचच्या काठावर मिठाने खाल्लेले खांब, मोडक्या फिरत्या घरांचे सांगाडे. लांबून पांढरी वाळू वाटते ती जवळून पाहिली तर माशांची हाडं आणि शिंपल्यांचा चुरा.

अशी चित्रं पाहिली की मुलं म्हणतात, "भुताचं गाव!" हसतात. हसू द्या. पण मग पुढचा प्रश्न जरूर विचारा : "या गावात आज कोण राहतं?"

बॉम्बे बीचमध्ये आज दोन-तीनशे माणसं राहतात. गावात 'स्की इन' नावाचं छोटं उपाहारगृह आहे, त्याच्या भिंतींवर आलेल्या-गेलेल्यांनी चिकटवलेल्या डॉलरच्या नोटा आहेत. २०१६ पासून इथे कलाकारांचा मेळा भरतो, त्यांनी काठावर आणि पडक्या घरांत शिल्पं उभी केली आहेत. उत्तर काठावरचा तो यॉट क्लब पडीक झाला होता, तो दुरुस्त करून २०१० मध्ये लोकांसाठी समाजमंदिरासारखा खुला केला. तळ्याच्या दक्षिणेला जमिनीखालच्या उष्णतेवर वीज तयार होते आणि त्याच खाऱ्या गरम पाण्यातून बॅटरीसाठी लागणारं लिथियम काढायचे प्रयत्न चालू आहेत. पक्ष्यांसाठी उथळ तळी बांधायचं कामही सुरू आहे. तळ्याकाठच्या कहुइला लोकांची हजारो एकर जमीन मात्र १९०५ च्या पुरात गेली ती गेलीच.

आणि धूळ. पाणी मागे हटलं की तळाचा बारीक गाळ उघडा पडतो, वारा तो उडवतो. या भागात मुलांमधलं दम्याचं प्रमाण जास्त आहे. तिथल्या शेतमजुरांची घरं याच धुळीच्या वाटेवर आहेत. सुट्टीला आलेले पाहुणे केव्हाच मोटारीत बसून परत गेले. त्यांच्यानंतर जे राहिले त्यांच्या मुलांच्या छातीत ही धूळ जाते. हे वाक्य वर्गात जसंच्या तसं बोलायची गरज नाही, पण 'गेले कोण, राहिले कोण' हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारावा इथपर्यंत त्यांना न्या.

पायरी ७ : दहा तांब्यांची ग्रामसभा

हा खेळ मला सगळ्यांत उपयोगी वाटला. टेबलावर पाण्याने भरलेले दहा तांबे ठेवायचे. पाच मुलांना पाच चिठ्ठ्या : शेतकरी, शहरातली गृहिणी, काठावरचा हॉटेलवाला, शेतमजुराची शाळेत जाणारी मुलगी, पक्षी मोजणारा अभ्यासक. बाकीचा वर्ग ग्रामसभा. दहा तांबे वाटायचे, आणि प्रत्येकाने आपल्याला किती व का हवे ते सांगायचं.

आमच्या वर्गात शेतकऱ्याने सहा मागितले, शहराने पाच. तिथेच अकरा झाले! मग भांडण, मग घासाघीस. हॉटेलवाला म्हणाला, "मला पाणी नको, तळं भरलेलं हवं." मजुराची मुलगी झालेली विद्यार्थिनी म्हणाली, "मलापण तळं भरलेलंच हवं, पण त्याच्या हॉटेलसाठी नाही, माझ्या खोकल्यासाठी." शेवटी वाटणी झाली : शेतकरी पाच, शहर चार, एक तांबा राखीव. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, तळ्याला कोणी दिलंच नाही." तळ्याची चिठ्ठीच नव्हती ना! दुसऱ्या फेरीत मुलांनी स्वतः तळ्याची चिठ्ठी लिहिली आणि वाटणी पार बदलली.

या खेळात कोणालाही खलनायक करू नका. शेतकरी भाजी पिकवतो, ती शहर खातं. शहराला प्यायला पाणी हवंच. प्रत्येकाचं मागणं रास्त आहे, तरी बेरीज दहाच्या वर जाते. हे मुलांना उमगलं की पाठ झाला.

मुलांचा एक प्रश्न, जो टाळू नये

पाठ संपता संपता पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या समुद्राचं पण असं होईल का?" तिच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, कर्ज काढून. म्हणजे प्रश्न नुसता भूगोलाचा नव्हता. किनाऱ्याजवळच्या कुठल्याही शाळेत हा प्रश्न येईल, म्हणून उत्तराची तयारी ठेवा.

अर्धं उत्तर धीर देणारं आहे, आणि ते खरं आहे. अरबी समुद्र ही आपली परात ब आहे, तीही अफाट मोठी. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, शिवाय पावसाळा. तो सॉल्टनसारखा मिठाने कोंडणार नाही. असं स्पष्ट सांगा, मुलांना उगाच घाबरवू नका.

उरलेलं अर्धं उत्तर त्यांनाच शोधायला लावा : "आपल्या गावात परात अ कुठे आहे? जिथे येतं, पण बाहेर जात नाही?" मुलांनी भराभर सांगितलं. देवळामागचं तळं. बंधारा घातलेली खाडीची शाखा. वापरात नसलेली विहीर, जिच्यात सगळे कचरा टाकतात. एकाने विचारलं, "आणि आमची विहीर मे महिन्यात मचूळ का होते?" किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांना रेटून असतात. गोडं पाणी फार उपसलं तर खारं पाणी आत सरकतं. सुट्टीत पाहुणे वाढतात, पंप जास्त चालतात, आणि नेमका तोच महिना पावसाआधीचा कोरडा. म्हणजे विहिरीला काळजी समुद्राची नाही, उपशाची आहे.

त्या मुलीने घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं. आता त्यांच्याकडे खोल्यांच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीने विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं आहे. एका घराने विहीर गोडी होईल असं मी म्हणणार नाही. पण चार घरांनी केलं तर मे महिन्यात मोजून बघता येईल, आणि मोजायला आमची मुलं तयार आहेत.

पालकांसाठी, घरी करण्याजोगं

एक : तुमच्या लहानपणी गजबजलेली आणि आता ओस पडलेली एखादी जागा मुलांना दाखवा. जुनं बंदर, बंद पडलेलं चित्रपटगृह, एसटीचा जुना थांबा, काहीही चालेल. "काय सुंदर होतं तेव्हा" एवढ्यावर थांबू नका. लोक यायचे का, आणि यायचे थांबले का, हे दोन्ही सांगा.

दोन : आजी-आजोबांना मुलांनी विचारावं, "आपल्या विहिरीचं पाणी तेव्हा मेमध्ये कितव्या पायरीपर्यंत असायचं?" उत्तर वहीत लिहून आजच्या पायरीशी ताडून बघावं.

तीन : घरातली एखादी गोष्ट शोधा जी आत येते पण बाहेर जात नाही. आमच्या वर्गात एकाने प्लास्टिकच्या पिशव्या लिहिल्या, दुसऱ्याने लिहिलं 'बाबांचं कर्ज'. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. सॉल्टनचं तळं पाऊस नसताना शंभर वर्षं कसं टिकलं?

२. पाणी वाचवल्यामुळे तळ्याचं नुकसान कसं झालं? तुमचं मत चार वाक्यांत लिहा.

३. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ आहे. रोज ४ ग्रॅमची भर पडते. ५२ ग्रॅम व्हायला किती दिवस लागतील?

४. १९५९ मध्ये तुम्ही तिथे जमीन विकत घेणार असता, तर विकणाऱ्याला कोणते तीन प्रश्न विचारले असते?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. आमच्याकडे आलेलं एक उत्तर इथे देते, बाकीची तुमच्या मुलांकडून मिळतील : "हे पाणी कुठून येतं, कुठे जातं, आणि तुम्ही स्वतः इथे राहणार आहात का?"

प्रयोग करून पाहिलात तर तुमच्या परातींचे दहा दिवसांचे आकडे नक्की कळवा. देशावरचं ऊन आणि कोकणातली दमट हवा यांत किती फरक पडतो, ते आमच्या सातवीला बघायचं आहे.